खेचराच्या पाठीवरचे रुग्णालय

आज ९ डिसेंबर, डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा स्मृतिदिन. भय्या चौकातल्या त्यांच्या घरी महापालिकेने उभारलेल्या स्मारकात प्रतिमेला हार घातला जाईल, दोन-चार भाषणे होतील आणि त्यांपैकी निदान एकात ‘भारत-चीन मैत्रीचा सेतू’ येईलच. चीनचा कोणी बडा नेता भारतात आला की कोटणीस कुटुंबीयांना भेटतो, ही जुनी रीत आहे. सीमेवर बिनसले की मात्र, मग ते १९६२ साली असो वा २०२० मध्ये गलवानला, सोलापूरच्या वक्त्याची पंचाईत होते. ज्याला हार घालायचा तो ज्या सैन्याचा डॉक्टर होता, त्याच सैन्याच्या नावाने बोटे मोडण्याचे ते दिवस असतात. मग वक्ता सेवा, करुणा, मानवता अशा निर्धोक शब्दांच्या आडोशाला जातो आणि वेळ मारून नेतो.

हे शब्द खोटे नाहीत, पण त्यांतून कोटणीसांनी नेमके काय केले ते कळत नाही. बत्तीस वर्षांच्या आयुष्यातली शेवटची चार वर्षे त्यांनी चीनमध्ये काढली. त्यातली अखेरची दोन वर्षे तर शत्रूने वेढलेल्या डोंगराळ मुलखात गेली. वीज नव्हती, पक्की इमारत नव्हती, औषधांची वाट अडवलेली होती. अशा ठिकाणी त्यांनी एक रुग्णालय चालवले आणि त्याच्या जोडीने डॉक्टर-परिचारिका घडवण्याची शाळाही चालू राहील हे पाहिले. युद्धात माणसांचे प्राण, त्यांचे पोट आणि त्यांचे स्वातंत्र्य या तीन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, याचा तो धडधडीत दाखला आहे. गिरण्यांच्या आणि मागांच्या शहराला तो इतरांपेक्षा लवकर समजायला हवा.

हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म. घर कनिष्ठ मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुंबईला सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून म्हणजे आपल्या ‘केईएम’मधून डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. ७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या लुगोऊ पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी जून १९३८ च्या अखेरीस देशाला आवाहन केले, जुलैत ‘चीन दिन’ पाळून वर्गणी गोळा झाली आणि सप्टेंबरमध्ये पाच डॉक्टरांचे पथक रुग्णवाहिकेसह मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल, जे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. बिजय बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस, वय अठ्ठावीस पुरते व्हायचे होते.

नागपूरच्या चोळकरांना आपण साफ विसरलो आहोत, हे जाता जाता नोंदवायला हवे. संसार मागे टाकून, उतारवयाकडे झुकलेल्या शरीराने ते लढाईच्या प्रदेशात गेले. ते जिवंत परत आले, एवढ्याच कारणाने त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही.

पथक कँटनला उतरले, तिथून हांकौला गेले. ऑक्टोबर संपायच्या आत ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. डॉक्टर मंडळी यांगत्से नदीच्या काठाने मागे सरकत चुंगकिंगला पोहोचली. तिथेच कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. परत जाण्याची मुभा होती आणि कोणी नावेही ठेवली नसती. ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक चिनी कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या येनानला पोहोचले. मुखर्जी आणि चोळकर त्याच वर्षी परतले, पुढे आजारपणामुळे अटलही. राहिले बसू आणि कोटणीस, आणि त्यांतले कोटणीस आणखी पुढे, शान्शी-चाहार-हेबेई या आघाडीवरच्या मुलखात. जपानी फौजांच्या पाठीमागे, त्यांच्या ताब्यातल्या रेल्वेमार्गांच्या मधल्या डोंगरांत कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेने धरून ठेवलेला हा पट्टा होता.

इथे जरा थांबून पाहू, कारण आपल्या भाषणांत हा भाग कधीच येत नाही. अशा मुलखात रुग्णालय म्हणजे काय असते?

इमारत नसतेच. एखाद्या खेड्यातली वीस-पंचवीस घरे असतात. घरमालक एका खोलीत सरकतो आणि दुसरी जखमींना देतो. एखादे देऊळ किंवा मोठा ओटा शस्त्रक्रियेची खोली होतो. शत्रूची तुकडी येते आहे अशी वर्दी आली की तासाभरात सारे उचलून दुसऱ्या खेड्यात हलवायचे असते. जे चालू शकतात ते चालतात, बाकीच्यांना गावकरी खांद्यावर डोल्यांतून नेतात. या धावपळीत औषधे आणि हत्यारे सुखरूप कशी न्यायची, हा मोठाच प्रश्न होता. त्यावर तोड काढली कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांनी. स्पेनमध्ये फिरते रक्तदान पथक चालवून ते १९३८ मध्ये चीनला आले होते. गाढवाच्या किंवा खेचराच्या पाठीवर बसेल असे एक लाकडी खोगीर त्यांनी बनवून घेतले. दोन बाजूंना खणाखणांच्या पेट्या आणि वर आडवी फळी. पेट्यांत शंभर शस्त्रक्रियांना आणि पाचशे मलमपट्ट्यांना पुरेल इतके सामान मावे. जनावराच्या पाठीवरून उतरवून ठेवले की मलमपट्टीचे टेबलच तयार. कमानीसारखा आकार पाहून लोकांनी त्याला नाव दिले ‘लुगोऊ पूल’. ज्या पुलावर युद्ध सुरू झाले त्याचेच.

ही वस्तू बनवायला प्रयोगशाळा लागली नाही. गावचा सुतार आणि जनावरांच्या ओझ्याचा अंदाज असलेला शेतकरी, एवढे पुरले. बेथून यांच्या कामाचे आणि पुढे कोटणीसांनी जे वाढवले त्याचे मर्म यात आहे. बाहेरून येईल त्या मदतीवर विसंबायचे नाही. मिळेल ते मिळेल, पण रुग्णालय गावाच्या हातांनी चालले पाहिजे. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून, वाळवून पुन्हा वापरायच्या. कालपर्यंत शेतात राबणाऱ्या पोरांना जखम कशी धुवायची, रक्त कसे थांबवायचे, हाडाला फळ्या कशा बांधायच्या हे शिकवायचे.

बेथून आणि कोटणीस यांची भेट झाली नाही. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बेथून यांच्या बोटाला जखम झाली, तिच्यातून रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हेबेई प्रांतातल्या तांग परगण्यात ते वारले. कोटणीस तिथे पोहोचले पुढच्या वर्षी. १९४० च्या लढायांत एकदा त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या मोहिमेत आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. प्रसिद्ध असावीच अशी ती आहे. पण जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली, ती काही ७२ तास जागल्याबद्दल नव्हती. ते चिनी भाषा शिकले होते. नुसती बोलण्यापुरती नव्हे, तर तीत वर्ग घेता यावेत, टिपणे काढता यावीत इतकी. शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक ते चिनीत लिहीत होते. डोंगरातल्या खेड्यात, वर्गाला धड फळा नसताना, परक्या भाषेत पुस्तक लिहायला बसणारा माणूस ‘मी एक दिवस इथून जाईन’ हे धरूनच चालत असतो. आपण गेल्यावरही काम चालावे, ही त्याची आस असते.

त्या शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ च्या अखेरीस लग्न केले. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव इनहुआ. या काळात कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. मागे जाऊन उपचार घ्या असा सल्ला मिळूनही ते हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ते गेले. बेथून जिथे गेले त्याच तांग परगण्यात.

व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि स्वतः कोटणीस रंगवले. देशभर कोटणीसांचे नाव घरोघरी गेले ते या चित्रपटाने, हे त्याचे ऋण मानायला हवे. पण चित्रपटातले कोटणीस प्लेगवर इलाज शोधतात, जपान्यांच्या कैदेत सापडतात आणि शेवटी त्याच प्लेगने जातात. खरे कोटणीस वर्ग घेत, पट्ट्या बांधत, पुस्तक लिहीत आणि अंगातले दुखणे लपवत गेले. पडद्याला प्लेग लागतो, ते समजू शकते. आपल्याला तो का लागावा? शोध लावणारा, छाती पुढे काढून मरणारा डॉक्टर आपण मनात जपला, आणि शिकवणारा, व्यवस्था लावणारा डॉक्टर वगळला. सोलापूरच्या स्मरणातही हीच चूक झाली आहे.

आता पोटाकडे येऊ. जखमीला शस्त्रक्रियेनंतर ज्वारीची पेज हवी, तिथे राळ्याची. अंगावर पांघरूण हवे, पट्टीला कापड हवे, डोली उचलणाऱ्याच्या घरात चूल पेटलेली हवी. यातले काहीही तुटले की शल्यवैद्याचे कौशल्य वाया जाते. जपानी सेनापतींना हे नीट कळलेले होते. म्हणूनच १९४१-४२ मध्ये उत्तर चीनमध्ये त्यांनी जाळा, मारा, लुटा असा तिहेरी संहार आरंभला. सैनिक हाती लागत नाहीत ना, मग त्यांना धान्य देणारे गावच ठेवायचे नाही. पीक, बी-बियाणे, गुरे, विहिरी, सारे त्यात आले. दुसरीकडून राष्ट्रवादी सरकारनेही कम्युनिस्टांच्या मुलखाची नाकेबंदी केली होती, औषधेही अडत होती. त्यावर येनानकडच्या लोकांनी काढलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे. सैनिकांनी पडीक जमिनी नांगरल्या, आणि अधिकाऱ्यांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे सूत कातायला बसले. चरखा फक्त वर्ध्यालाच फिरत होता असे नव्हे.

त्याच सुमारास चीनच्या इतर भागांत रेवी अ‍ॅली या न्यूझीलंडच्या माणसाने औद्योगिक सहकारी संस्थांची चळवळ उभी केली. हे गृहस्थ शांघायमध्ये कारखाना निरीक्षक होते. किनाऱ्यावरच्या गिरण्या बाँबहल्ल्यांत गेल्या, लाखो कामगार निर्वासित होऊन आत सरकले. त्यांना नुसते अन्नछत्र घालण्यापेक्षा गटागटाने लहान यंत्रे, भट्ट्या, माग उभारून द्यावेत आणि त्यांनीच मालक व्हावे, अशी ही कल्पना. पहिली संस्था १९३८ मध्ये बाओजी गावी निर्वासित लोहारांची निघाली. पुढे शेकडो झाल्या. त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक होते सैन्यासाठी लोकरी कांबळी विणणे. खेड्यापाड्यांतल्या बायका सूत काढत, निर्वासित विणकर विणत. चादरीच्या गावाने ही गोष्ट कधी ऐकलेलीच नाही याचे आश्चर्य वाटते. सहकाराच्या महाराष्ट्रानेही.

त्याच वर्षांत सोलापुरात काय चालले होते? गोळी सोलापुरात सुटत नव्हती, पण युद्ध सोलापुरात होते. लष्करी मागणीमुळे गिरण्यांना बरकत आली आणि त्याच वेळी हातमागवाल्याला सूत मिळेना. सूत बनते गिरणीत. गिरणीला तेच विणून विकण्यात जास्त पैसा दिसला, की बाजारात येणारे सूत आटते, उरलेल्याचा भाव चढतो आणि मागावाचून ज्याला दुसरा धंदा येत नाही असा पूर्व भागातला पद्मशाली विणकर सावकाराकडे धाव घेतो. सरकारला शेवटी जून १९४३ मध्ये कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. नियंत्रण आले की त्याच्या पाठोपाठ काळा बाजारही आला. माग थांबला की घर बायकांच्या विड्यांवर चालायचे, ही पूर्व भागातली जुनी व्यवस्था आहे आणि आजही मोडलेली नाही. विड्या वळता वळता खोकल्याने आणि पाठीच्या दुखण्याने वाकलेल्या बायका या शहराच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर दिसतील. रोजगार आणि आरोग्य यांची गाठ कुठे पडते, ते पाहायला चीनपर्यंत जावे लागत नाही.

बंगालमध्ये तर याहून भयंकर घडले. डॉ. बसू १९४३ मध्ये चीनमधून परतले ते दुष्काळात. त्या वर्षीच्या उपासमारीने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या साथींनी सुमारे तीस लाख माणसे नेली. बंगालमध्ये शत्रू उतरला नव्हता. ब्रह्मदेशाचा तांदूळ तुटला, शत्रूच्या हाती पडतील म्हणून सरकारनेच नावा आणि धान्य काढून घेतले, भाव भडकले, आणि ज्यांच्याकडे विकायला फक्त श्रम होते ते भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर आधी मेले. आघाडीवर जपान्यांनी गावे जाळून जे केले, ते इथे कारभाराने साधले. युद्धात कुणाचा धंदा वाचवायचा, हा प्रश्न अर्थखात्याचा वाटतो. बंगालच्या रस्त्यांवर तो शवागाराचा झाला होता.

कोटणीस गेले त्या दिवशी त्यांना पाठवणारे कुठे होते, याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत एकत्र सापडत नाही. महात्माजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध. पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत. आणि सुभाषबाबू जर्मनीत. पुढे पाच महिन्यांनी ते पाणबुडीच्या प्रवासानंतर टोकियोला पोहोचले, ज्या जपानविरुद्ध लढणाऱ्यांच्या जखमा बांधायला त्यांनीच पाच डॉक्टर धाडले होते त्या जपानच्या राजधानीत. यावरून कुणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. गुलाम देशाला मित्र निवडण्याची चैन नसते आणि सुभाषबाबूंपुढे कोणते पर्याय उरले होते, हे आज आरामखुर्चीत बसून ठरवणे सोपे आहे. पण १९३८ चा तो निर्णय किती मोठा होता, हे या पार्श्वभूमीवर जास्त कळते. ज्या देशाचे स्वतःचे राज्य नाही, ज्याच्या स्वतःच्या खेड्यांत डॉक्टर नाही, तो देश वर्गणी काढून आपले पाच डॉक्टर दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी पाठवतो. घरचे झाले थोडे, असे तेव्हा कुणी म्हटले नसेल असे नाही. तरी पैसे जमले.

सोलापूरला हे पटणे अवघड नव्हते. आठच वर्षांपूर्वी, मे १९३० मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर उठले होते. गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस लोकांनीच कारभार पाहिला, आणि मग १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा. गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. कोटणीस तेव्हा विशीतले विद्यार्थी होते. ज्या पोराच्या गावाने रस्त्यावर लष्कर पाहिले, त्याला चीनच्या खेड्यातले लष्कर परके वाटण्याचे कारण नव्हते. चार हुतात्मे आणि कोटणीस यांना आपण दोन वेगळ्या खणांत ठेवतो, एक स्वातंत्र्यलढ्याचा आणि एक मानवसेवेचा. हे खण नंतर पाडलेले आहेत.

आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते, ती मोठ्याने सांगायला हवी. ७ जुलै १९४२ रोजी, म्हणजे लुगोऊ पुलाच्या घटनेला पाच वर्षे झाली त्या दिवशी, कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. कुणाला हे अभिमानाचे वाटेल, कुणाला अडचणीचे. आम्हाला ते फक्त खरे वाटते. चार वर्षे ज्यांच्याबरोबर राहिले, उपाशी झोपले, त्यांचा पक्ष त्यांनी पत्करला. त्या पक्षाने पुढे सत्तेवर आल्यावर आपल्याच लोकांवर काय लादले, याचा हिशेब १९४२ मध्ये वारलेल्या माणसाकडे मागता येत नाही आणि तो पक्ष आज आपल्या सीमेवर जे करतो त्याचे समर्थनही त्या माणसाच्या नावाने करता येत नाही. दोन्ही देशांतल्या भाषणबाजांनी एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

स्वतंत्र झाल्यावर भारताने ही परंपरा एकदा तरी मोठ्या ताकदीने चालवली. १९५० साली कोरियात युद्ध भडकले तेव्हा आपण लढणारी पलटण पाठवली नाही. पाठवली ती लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालची ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स. सुमारे साडेतीन वर्षे तिने तिथे सैनिकांवर आणि नागरिकांवर उपचार केले. कोटणीसांच्या मानाने या डॉक्टरांकडे तंबू होते, भूल होती, लष्कराची शिस्त होती. त्यांची आठवण काढणारे आज लष्कराबाहेर फार थोडे आहेत.

आजची स्थिती काय? रुग्णालयाला हात लावायचा नाही, हा संकेत १८६४ च्या जिनिव्हा करारापासूनचा. १९४९ मध्ये तो आणखी पक्का झाला आणि २०१६ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला २२८६ क्रमांकाचा ठराव करून तोच पुन्हा बजावावा लागला. बजावावा लागला, यातच सारे आले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, अफगाणिस्तानात कुंदुझ इथले ‘सीमापार डॉक्टर’ संस्थेचे रुग्णालय अमेरिकी विमानाच्या माऱ्यात गेले, ४२ माणसे मेली. मार्च २०२२ मध्ये मारिउपोलचे प्रसूतिगृह. पुढच्या वर्षी गाझामधले अल-शिफा. प्रत्येक वेळी कारणे दिली गेली आणि प्रत्येक वेळी ती देणाऱ्याला पुरेशी वाटली.

यातले काही आपल्यापासून दूर नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून वीस हजारांहून अधिक भारतीय परत आणावे लागले, त्यात बहुतेक वैद्यकीय शाखेची मुले होती आणि महाराष्ट्राचीही पुष्कळ. त्याच सुमारास इथल्या किराणा दुकानात सूर्यफूल तेलाचा डबा भडकला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले की भाडे वाढते, आणि टॉवेल-चादरीच्या कारखानदारापासून द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारापर्यंत सारे आकडेमोड करायला बसतात. कारखानदार दोन पाळ्यांची एक करतो. ज्याची पाळी गेली त्याचे नाव कुठल्याच युद्धाच्या यादीत येत नाही.

मग सोलापूरने कोटणीसांचे काय करावे? चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे, बेथून यांच्याही समाधीच्या सोबतीने. हार तिथेही पडतात. पण त्या शहरात त्यांच्या नावाची एक वैद्यकीय शाळाही आहे आणि तिथून परिचारिका, आरोग्यसेवक शिकून बाहेर पडतात. इनहुआ हेही डॉक्टरकी शिकत होते, पण शिक्षण संपत आले असताना १९६७ मध्ये ते गेले. आईला, कुओ छिंगलान यांना, २०१२ पर्यंत आयुष्य लाभले. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या.

सोलापुरात १९६३ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये फक्त या जिल्ह्याचे नव्हे, तर धाराशिव आणि पलीकडच्या कर्नाटकातलेही रुग्ण येतात. वारीच्या काळात पंढरपूरला लाखो माणसे एका वेळी जमतात, तिथे फिरत्या उपचारपथकाची गरज काय असते हे या जिल्ह्याइतके कुणाला माहीत? मागावर बोट सापडलेला कामगार, विडीच्या तंबाखूने छाती भरलेली बाई, चक्कर येऊन पडलेला वारकरी. यांच्यापर्यंत पहिल्या तासात पोहोचणारा, जखम धुणारा, रक्त थांबवणारा शिकलेला हात आपल्या वस्त्यांत किती आहेत? स्मारकाच्या एका दालनात महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून पूर्व भागातल्या तरुण-तरुणींसाठी प्रथमोपचार आणि परिचर्येचा सहा महिन्यांचा वर्ग चालवावा. मराठीत, आणि गरज पडेल तिथे तेलुगू आणि कन्नडमध्ये. शिकलेल्यांना गिरणगावच्या जुन्या वस्त्यांत, यंत्रमागांच्या शेडमध्ये आणि वारीच्या पथकांत मानधनावर काम द्यावे. फार मोठा खर्च नाही. ‘लुगोऊ पुला’चा लाकडी नमुना सुतारकामाच्या विद्यार्थ्यांकडून बनवून घेऊन त्याच दालनात ठेवला, तर शाळेच्या सहलीला येणाऱ्या पोरांना पाहायला प्रतिमेपेक्षा काही तरी जास्त मिळेल.

कोटणीसांची पुढची जयंती १० ऑक्टोबरला आहे. मधे दहा महिने आहेत आणि महापालिकेचा अर्थसंकल्पही त्यातच येतो. आज हार घालायला जे नगरसेवक आणि अधिकारी भय्या चौकात येतील, त्यांच्यापैकी कुणी या वर्गासाठी तरतूद मांडतो का, एवढेच पाहायचे आहे.